चित्र चुगली करतं तेव्हा



सहावी ते आठवी ही तीन वर्षं म्हणजे शाळेतला घाटरस्ता. पाचवीपर्यंत बाई नावानं हाक मारतात, डबा सांडला तर पुसायला मदत करतात. दहावी जवळ आली की सगळं घरच अभ्यासाला बसतं. मधल्या तीन वर्षांत मुलाकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं, आणि नेमकं तेव्हाच त्याचं स्वतःकडे फार लक्ष जायला लागतं. आवाज फुटतो, बूट आखूड होतात, कालचा जिगरी दोस्त आज दुसऱ्या बेंचवर जाऊन बसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा मानला आहे. अमेरिकेत तर बहुतेक ठिकाणी या इयत्तांची शाळाच वेगळी असते. तिला तिकडे मिडल स्कूल म्हणतात.

या वयाच्या मुलांसाठी इंग्रजीत गेल्या वीसेक वर्षांत एक प्रकार जोरात चालला आहे. पोरगा स्वतःच वहीत लिहितो, मधेमधे रेघोट्यांची चित्रं काढतो आणि शाळा कशीबशी निभावून नेतो. जेफ किनी यांचं 'डायरी ऑफ अ विम्पी किड' हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. माझा सातवीतला भाऊ ते वाचताना एकटाच खिदळतो आणि 'काय झालं रे?' विचारलं की 'ताई, तुला नाही कळणार' म्हणतो. आपण साहित्याचे विद्यार्थी. न कळून कसं चालेल? म्हणून या अंकातला अभ्यासलेख त्यावर.

ही पुस्तकं चांगली की वाईट, हा वाद पालकांनी घालावा. आपण ती चालतात कशी ते बघू. माझं म्हणणं थोडक्यात असं: या पुस्तकांतला विनोद वाक्यात नसतो आणि चित्रातही नसतो, तो दोघांच्या भांडणात असतो. वाक्य बढाई मारतं, चित्र चुगली करतं. ही चुगली कुणाच्या बाजूनं होते, यावर त्या विनोदाची नियत ठरते.

१. एक वही उघडून पाहू

किनी यांना खरं तर वर्तमानपत्रात हास्यचित्रमालिका काढायची होती. ते जमलं नाही. मग त्यांनी शाळकरी पोरानं काढावीत तशीच चित्रं काढायची ठरवली. ग्रेग हेफ्ली नावाच्या मुलाची ही वही २००४ साली आधी इंटरनेटवर येऊ लागली आणि २००७ मध्ये तिचं पुस्तक झालं. पानावर वहीसारख्या आडव्या रेघा, हातानं लिहिल्यासारखं अक्षर, आणि डोक्यावर तीन केस असलेला काडीसारखा पोरगा. असं चित्र आपल्यालाही काढता येईल, असं वाचणाऱ्या मुलाला वाटतं. अर्धी लढाई तिथंच जिंकलेली असते.

सुरुवातच बघा. ग्रेग आधी बजावतो की ही डायरी नव्हे, ही आपली नोंदवही आहे. आईनं आणली ती डायरी लिहिलेली वही, यात त्याचा काय दोष! पहिल्या पानापासून तो आपल्याला पटवतोय, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही हे आपल्याला पहिल्या पानापासून कळतंय.

आता त्या पहिल्याच पुस्तकातला एक प्रसंग. ग्रेग आणि त्याचा मित्र रोली यांच्याकडे बालवर्गातल्या मुलांना घरी पोचवायचं काम असतं. एके दिवशी ग्रेग काठीला गांडूळ अडकवून त्या चिमुरड्यांना पळवतो. एक बाई ते पाहते, पण ग्रेगच्या अंगात त्या दिवशी रोलीचा कोट असतो. नाव रोलीचं होतं, शिक्षाही रोलीलाच होते. ग्रेग गप्प बसतो. वर स्वतःला समजावतो की सत्य सांगण्यापेक्षा गप्प राहणंच कसं शहाणपणाचं आहे.

इथं लेखक मधे येऊन 'मुलांनो, असं करू नये' म्हणत नाही. तशी गरजच पडत नाही. ग्रेगची सफाई आपण वाचलेली असते आणि पळणारी चिमुरडी आपण पाहिलेली असतात. निकाल वाचणारा मूल स्वतःच देतं. आपल्याकडे गोष्टीच्या शेवटी 'तात्पर्य' लिहायची जुनी सवय. या पुस्तकांत तात्पर्य छापलेलं नसतं. ते वाक्य आणि चित्र यांच्या मधल्या फटीत दडलेलं असतं, आणि स्वतः शोधलेलं तात्पर्य मूल सहसा विसरत नाही.

अशीच एक मालिका जेम्स पॅटरसन आणि ख्रिस टेबेट्स यांच्या 'मिडल स्कूल: द वर्स्ट इयर्स ऑफ माय लाइफ' (२०११) या पुस्तकापासून सुरू झाली. चित्रं लॉरा पार्क यांची. त्यातला रेफ शाळेच्या नियमपुस्तिकेतला एकेक नियम मोडायचा आणि त्याचे गुण मिळवायचे, असा खेळ मांडतो. आपण हसत राहतो. पण सारखा सोबत असणारा लिओ नक्की कोण, हे कळतं तेव्हा हसू ओठावरच थांबतं. लिओ हा त्याचा कधीच वारलेला जुळा भाऊ. रेफला शाळेपेक्षा मोठं काहीतरी निभवायचं होतं. गंमत करणं ही त्याची तगून राहायची रीत होती.

२. मराठीत असं काय आहे?

हा प्रश्न मंडळात कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच उत्तर शोधते.

पहिलं नाव अर्थात फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो. म्हणजे नव्या शाळेत, नव्या गावात आलेला, अंगानं काटकुळा पोरगा. अगदी ग्रेगच्या मापाचा! पण पुस्तकांची नावं वाचा: 'जवानमर्द फास्टर फेणे', 'बालबहाद्दर फास्टर फेणे'. तिकडच्या पुस्तकाच्या नावातच विम्पी, म्हणजे लेचापेचा. इकडच्या नावात जवानमर्द. फेणेच्या सायकलीला शाळेचं फाटक पुरत नाही. तो चोर पकडतो, संकटात उडी घेतो, 'ट्टॉक' करून निसटतो. आपल्याला तो हवाच. मात्र गणिताच्या तासाला फळ्यासमोर उभं राहून ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, त्या मुलाला फेणेकडून धाडस शिकता येतं, सोबत मिळत नाही.

ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे हे दोघंही खोडकर, पण मनानं सोन्यासारखे. ते चुकतात तेही दुसऱ्याच्या भल्यासाठी. ग्रेगसारखा आपमतलबी, भित्रा, थोडा खोटारडा नायक आपण मुलांच्या हातात द्यायला कचरतो. का कचरतो, यावर वेगळी चर्चा व्हायला हवी.

चित्राच्या बाजूनं पाहिलं तर सगळ्यात जवळचा चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झाली, आणि आपल्यापैकी अनेकांच्या आईबाबांनी पेपर उघडून आधी चिंटू वाचला असेल. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू. अभ्यासाचा कंटाळा आणि क्रिकेटचं वेड. चिंटूत वाक्य आणि चित्र यांची जुगलबंदी अस्सल आहे. अडचण एकच: तीन-चार चौकटींत विनोद संपतो आणि उद्या चिंटू पुन्हा त्याच वर्गात. त्याचं वर्ष पुढे सरकत नाही. निभावून नेण्याची गोष्ट सांगायची तर जून ते एप्रिल लागतो. पहिल्या दिवशीची भीती, सहामाहीचं प्रगतिपुस्तक, स्नेहसंमेलन, वार्षिक परीक्षा, आणि त्या सगळ्यातून थोडंसं बदललेलं मूल.

आवाजाच्या बाजूनं पाहिलं तर लंपन. प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००४) हे चार कथासंग्रह. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा, कानडी मुलखाच्या सीमेवरचा मुलगा. मोठमोठे आकडे फेकत बोलायची त्याची लकब आणि त्याचं ते 'मॅड' होणं. लंपन स्वतःला कळलं नाही तेही सांगून जातो. तो सांगतो एक, आपल्याला कळतं दुसरं. ग्रेगच्या वहीत चित्र जे काम करतं, ते लंपनच्या कथेत भाषा एकटी करते. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'तला जोशीही असाच, पण तो नववीतला, आणि पुस्तक मोठ्यांसाठी लिहिलेलं.

म्हणजे आपल्याकडे रेघ आहे आणि आवाजही आहे. चिंटूची रेघ आणि लंपनचा आवाज एकाच वहीत मात्र क्वचित भेटतात. त्याचं एक कारण मला दिसतं ते असं: आपल्या बालपुस्तकांत चित्र बहुतेक वेळा मजकुराची री ओढतं. मजकुरात 'मुलगा झाडावर चढला', तर चित्रात मुलगा झाडावर. चित्रकाराला मजकुराच्या विरुद्ध बोलायची मुभा कुणी दिलेलीच नसते. ही मुभा दिली तर रंगीत छपाईही लागत नाही. काळी रेघ पुरते.

३. मिशनच्या शाळेतला स्वामी

आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५ सालचं. सोमवारी सकाळी शाळेत जायचं म्हणून पोटात गोळा आलेला स्वामी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. मालगुडीच्या गोष्टींना पुढे त्यांचे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची चित्रं लाभली, आणि दूरदर्शनच्या 'मालगुडी डेज'मुळे तो घराघरात पोचला.

स्वामीची शाळा अल्बर्ट मिशन स्कूल. तिथले बायबल शिकवणारे एबेनेझर मास्तर इतरांच्या देवांची टर उडवतात. स्वामी उठून उलटा प्रश्न विचारतो आणि कान पिरगाळून घेतो. घरी गेल्यावर वडील मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहितात. आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे म्हणून हे पान गुपचूप उलटून जाऊ नये, असं मला वाटतं. उलट आपणच ते मोकळेपणानं वाचावं. नारायण स्वतः मद्रासला मिशनच्या शाळेत शिकले होते. ते जे लिहितात ते वर्गात बसलेल्या मुलाच्या उंचीवरून. त्यांनी कुठल्या धर्माला हसं केलेलं नाही. हातात छडी आहे म्हणून समोरच्याच्या घरातलं काहीही तुच्छ ठरवता येतं, असं मानणाऱ्या मास्तराला त्यांनी हसं केलं आहे. असा मास्तर कुठल्याही पाटीच्या शाळेत भेटू शकतो.

आणि इथंच विनोदाची दिशा कळते. मुलगा लहान, मास्तर मोठा. हसू खालून वर जातं. ते कुणाला चिरडत नाही, उलट चिरडलेल्याला श्वास घ्यायला जागा देतं.

४. चित्र गप्प बसतं ती जागा

आता ग्रेगकडे परत येऊ, कारण माझी खरी तक्रार इथं आहे. त्याच्या शेजारी फ्रेग्ली नावाचा विचित्र मुलगा राहतो. ग्रेग त्याची किळस करतो, त्याला टाळतो. ठीक, ग्रेग तसाच आहे. पण चित्रं पाहा. रोलीच्या बाबतीत चित्र ग्रेगची चुगली करतं. फ्रेग्लीच्या बाबतीत ते ग्रेगच्याच बाजूनं साक्ष देतं. वाक्य म्हणतं विचित्र, चित्रही दाखवतं विचित्र. फट बुजते. फ्रेग्लीच्या मनात काय चाललंय, हे डोकावून बघायला वाचकाला भोकच उरत नाही.

ग्रेग वाईट वागतो म्हणून पुस्तक वाईट, असं मी म्हणणार नाही. पण ज्या पानावर वाक्य आणि चित्र दोघं मिळून एका दुबळ्या मुलाला हसतात, ते पान कच्चं आहे. त्या पानापुरती गोष्टही वर्गातल्या टोळक्यासारखी वागते.

५. आपल्या बेंचवर

हे सगळं मला इतकं का लागतं, ते सांगते. आम्ही मूळचे खानदेशातले. बाबा दादऱ्यातल्या प्लास्टिकच्या कारखान्यात लागले म्हणून इकडे आलो. घरात अहिराणी. सहावीत माध्यम बदलून मी नव्या शाळेत गेले. वर्गातलं एक बेंच धरा: एकीला हवं असेल तर ती म्हणायची 'मने', दुसरी 'मुझे', तिसरी 'मला', आणि माझ्या तोंडून निघालं 'माले'. झालं! त्या दिवसापासून माझं नाव पडलं मालेगाव. मधल्या सुट्टीत मालेगाव, नळावर मालेगाव, हजेरीला 'यस सर' म्हटलं की मागून बारीक आवाजात मालेगाव. एका मास्तरांनाही ते आवडलं. मी मालेगाव पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

आपल्या प्रदेशात हे रोज घडतं. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, चार माध्यमांच्या शाळा. आणि घरात वारली, कोकणा, धोडिया, शिवाय कारखान्यांमागून आलेल्या भोजपुरी, उडिया, अहिराणी. मुलाचा घरचा शब्द चुकून वर्गात सांडला की हशा पिकतो. मूल एक शब्द गिळतं, मग दुसरा, मग हात वर करणंच सोडतं. पुढे त्याच्या प्रगतिपुस्तकात 'वर्गात सहभाग कमी' असं लिहून येतं.

या मुलांना बालबहाद्दर व्हायला सांगणं सोपं आहे. पण त्यांना आधी हवी असते अशी एक वही, जिच्यात हरता येतं. माझ्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी काय करायचे, त्याचा एक नमुना देते.

वाक्य: 'आज मला दिवसभर कुणीही चिडवलं नाही.'
चित्र: मुलींच्या रांगेपासून लांब, पाण्याच्या टाकीमागं उकिडवी बसून डबा खाणारी एक मुलगी. फक्त दोन वेण्या दिसतायत.

वाक्य खरं आहे. कुणी चिडवलं नाहीच. का नाही, ते चित्र सांगतं. वाक्यानं माझी अब्रू राखली आणि चित्रानं माझं दुःख राखलं. दोन्ही एकाच पानावर मावलं आणि वर मला हसूही आलं. त्या हसण्यानं चिडवणारे गप्प झाले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याइतकी ताकद येत होती. निभावणं म्हणतात ते एवढंच असतं.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. अक्षरं अजून जड जाणाऱ्या मुलाला चित्र आधी वाचता येतं. शाळेची भाषा ज्याच्या घरची नाही, तोसुद्धा टाकीमागच्या वेण्या वाचू शकतो. कळलेल्या चित्राचा हात धरून तो न कळणाऱ्या वाक्यापर्यंत येतो. आपल्यातले कितीतरी जण पुढे शिक्षक होतील, खानवेल-दुधनीच्या शाळांत जातील. त्यांनी हे हत्यार दप्तरात ठेवावं.

६. मंडळासाठी अभ्यास

या प्रकारचं कुठलंही पुस्तक हातात आलं की चार प्रश्न विचारा.

एक: सांगणारा मुलगा काय लपवतोय, आणि ते आपल्याला कुठून कळलं? वाक्यातून की चित्रातून?

दोन: कुठलंही एक चित्र बोटानं झाका. विनोद उरला का? उरला असेल तर ते चित्र नुसती सजावट आहे.

तीन: हसू कुणाकडून कुणाकडे जातंय? वर, खाली, की स्वतःकडे?

चार: ज्याच्यावर सगळे हसतायत, त्याच्या बाजूनं त्या पानावर काही आहे का? एखादी रेघ, एखादी नजर, काहीतरी?

आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकानं एक पान करून आणायचं. आपल्या सहावी-सातवीतला एक दिवस. वाक्यं पाचच, चित्रं दोन. अटी तीन. चित्रानं मजकुराची री ओढायची नाही. शेवटी तात्पर्य लिहायचं नाही. आणि तुमच्या वर्गात ज्याला सगळे हसायचे तो मुलगा किंवा मुलगी पानावर आली, तर निदान एका रेघेनं तिच्या बाजूला उभं राहायचं. घरचा शब्द आला तर तसाच येऊ द्या, कंसात अर्थ देऊ नका, चित्र सांगेल.

'मला चित्र काढता येत नाही' ही सबब चालणार नाही. डोक्यावर तीन केस आणि खाली काडीचं अंग, एवढ्यावर ग्रेग जगभर फिरून आला. तुमच्या हातात पेन्सिल आहे, आणि सांगायला सहावी-सातवी प्रत्येकाकडे आहे.